तुमी तिकडे पाहा बरं

मोबाइल नंबर विचारला की बाई मागे वळून पाहते.

बँकेतल्या शेवटच्या काही वर्षांत हे मी इतक्यांदा पाहिलं, की फॉर्मचा तो रकाना जवळ आला की मीच आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघून घ्यायची. नाव, वय, पत्ता, सासर-माहेर धडाधड सांगणारी बाई तिथे येऊन अडायची. मागून नवरा किंवा पोरगा पुढे सरकायचा, खिशातून फोन काढायचा आणि दहा आकडे सांगायचा. खातं तिचं, फोटो तिचा, अंगठा तिचा आणि नंबर त्याचा. पैसे जमा झाले की मेसेज त्याच्या खिशात वाजणार. ओटीपी त्यालाच जाणार. आणि ही घरी भाकरी थापता थापता विचारणार, "आले का हो माहे पैसे?"

एकदा एका मावशींना म्हटलं, "तुमचा स्वतःचा फोन नाही का?"

"हाये न. पण त्याच्यात मले मेसेज कुठं वाचता येते?"

मग पुढे काय बोलायचं? काउंटरवर रांग होती. मी त्याचाच नंबर टाकला.

मी १९८६ मध्ये बँकेत लागले आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. बहुतेक नोकरी नागपुरातच, त्यातली निम्मी इतवारीकडच्या एका शाखेत, कॅश काउंटरवर. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले. बाईच्या हातातला पैसा हा विषय मी पुस्तकातून शिकले नाही. तो खिडकीच्या पलीकडून आत येत राहिला, घामाने ओला, चुरगळलेला, कधी हळदीचा डाग पडलेला.

त्याच्याही आधी तो आमच्या स्वयंपाकघरात होता, तुरीच्या डाळीच्या डब्यात.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ही मिल पुढे सरकारकडे गेली, २००२ मध्ये बंद झाली आणि आज त्या जागेवर मॉल आहे. बाबा पगार आणायचे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायचे. फार भक्तिभावाने ठेवायचे. आणि थोड्या वेळाने फोटोपुढून स्वतःच उचलायचे. आईला लागेल तसे मिळायचे. किराण्याचे वेगळे, आमच्या फीचे वेगळे, मागून घ्यायचे. बाबा वाईट नव्हते. दारू नाही, जुगार नाही. पण आईला बांगड्या भरायच्या असल्या तरी तिला आधी कारण तयार करावं लागायचं.

उन्हाळा लागला की आईचा धंदा सुरू व्हायचा. शेवया, कुरड्या, सरगुंडे, मुगाचे पापड. नागपूरचं ऊन जगाला नको असतं, आईला हवं असायचं. पहाटे चारला चीक शिजायला पडायचा, सात वाजेपर्यंत गच्चीवर कुरड्या घातलेल्या असायच्या आणि दुपारी डोक्यावर ओला पंचा टाकून ती कावळे हाकायची. वस्तीतल्या पंधरा-वीस घरांचं वाळवण ती करून द्यायची. याचे पैसे बाबांना माहीत असायचे, पण अंदाजे. नक्की आकडा डाळीच्या डब्यात, तळाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाबांनी आयुष्यात डाळीच्या डब्यात हात घातला नाही, हे तिच्या लॉकरचं कुलूप.

मी एकदा विचारलं, "आई, किती आहेत ग?"

"तुह्या बापाले माहीत नाही तेवढे."

महाल भागातल्या टायपिंग क्लासची फी त्या डब्यातून गेली. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म, पहिली पर्स, आणि मुलाखतीला नेसलेली फिकट निळी साडीही. मला नोकरी राखीव जागेवर मिळाली, हे मी कायम छाती पुढे काढून सांगते. त्या जागेपर्यंत पोचायचं भाडं डाळीच्या डब्याने दिलं, हे मात्र सांगायचं राहून जायचं.

आणि मी? मी पहिला पगार बाबांच्या हातात ठेवला. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या. चेकबुकावर सह्या करून ठेवायची, म्हणजे माझी शाखा लांब पडली तरी "घरचं अडू नये". तोही सज्जन माणूस आहे, एक रुपया त्याने वाया घालवला नाही. माझा पगार मात्र घरात सगळ्यांना पैशापर्यंत पाठ होता, सासूबाईंनाही. त्याचा पगार किती होता, ते मला त्याच्या निवृत्तीच्या कागदांवर कळलं. मी विचारला नव्हता. त्यानेही लपवला नव्हता. विचारायचं असतं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. बाबांच्या घरावर मुलींचाही हक्क होता. कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली ती मी शाखेतल्या चार जणींना समजावून सांगितली होती. चार वर्षांनी भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. इतरांच्या सह्या जुळवून पाहणारी बाई मी, स्वतःची सही करताना कागद नीट वाचलाही नाही.

एक गोष्ट मी फार जणांना सांगितलेली नाही.

नव्वदच्या आसपासची असेल. बुधवारी नावाच्या बाजारात भाजी विकणारी एक बाई आठवड्यातून दोनदा यायची. वीस, तीस, चांगला दिवस असला तर पन्नास. कांद्याच्या पाल्याचा वास असलेल्या नोटा. पासबुक ती घरी नेत नसे. शेजारच्या फुलवालीच्या टोपलीखाली ठेवते म्हणायची. आम्ही हसायचो. एके दिवशी तिचा नवरा आला. नाव सांगितलं, म्हणाला, "आमच्या घरचीच्या खात्यात किती आहेत जरा पाहून सांगा." मी लेजर काढलं, पान उलटलं आणि आकडा सांगितला. चार हजारांच्या वर होता. ग्राहकाची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही, हा नियम मला ठाऊक होता. पण नवरा म्हणजे दुसरा कुठे? त्या काळात सगळेच सांगायचे, आणि असं म्हणून मी स्वतःला पुष्कळ दिवस सोडवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती आली. सगळे काढायचे, खातं बंद करायचं. मी नोटा दिल्या. एरवी ती कधी मोजत नसे. दिल्या की कमरेच्या पिशवीत. त्या दिवशी तिने त्या खिडकीतच दोनदा मोजल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर ती मला बाजारात दिसली की मी दुसऱ्या ओळीतून जायची. वांगी महाग पडली तरी.

तिचा पैसा तिच्या नावावर होता. कायद्याने, कागदाने, सहीने पक्का. त्याला आड मात्र एक टोपलीच होती, आणि ती मी उचलली.

नोटबंदीत तर साऱ्या शहरातल्या टोपल्या एकाच आठवड्यात उचलल्या गेल्या. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. नऊ तारखेला बँका बंद, दहा तारखेला उघडल्या तेव्हा रांग पार रस्त्याच्या वळणावर गेलेली. काळा पैसा बाहेर येणार म्हणून टीव्हीवर चर्चा. आमच्या खिडकीतून बाहेर आला तो पिवळा पैसा: हळदीचा, डाळीचा, हिंगाचा. गादीत शिवलेल्या नोटांना कापूस चिकटलेला होता. एका आजींनी पाचशेच्या नोटा विडीएवढ्या बारीक वळून आणल्या होत्या. त्या उलगडायला मला आणि शिपायाला दोघांना बसावं लागलं. सुरुवातीला ओळखपत्राची प्रत घेऊन चार हजारांपर्यंत बदलून मिळायचे, मग साडेचार, मग दोन हजारच, आणि २४ नोव्हेंबरनंतर तेही बंद. म्हणजे त्याहून जास्त साठवलं असेल तर खात्यातच टाकायचं. खात्यात टाकायचं म्हणजे घरात सांगायचं.

गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी होणार नाही, असं सरकारने जाहीर केलं होतं. सरकारला कोण भ्यायलं होतं? रांगेत माझ्यासमोर एक माणूस बायकोला विचारत होता, "एवढे आणले कुठून तू?" त्याच्या आवाजात राग कमी आणि आश्चर्यच जास्त होतं. ती खाली बघत होती, चोरी पकडल्यासारखी. बावीस हजार होते. मुलीच्या बाळंतपणासाठी, असं तिने नंतर मला सांगितलं, मी न विचारता. त्या दिवसांत बायकांच्या लपवलेल्या पैशांवर व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर आला होता. आमच्या स्टाफच्या ग्रुपवरही. मी एकावर हसणारा चेहरा टाकला होता, नंतर काढला.

आईचा डबाही तेव्हाच उघडला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी डबा चालूच होता. साडेअकरा हजार निघाले. "तुह्याच खात्यात टाक," ती म्हणाली. मी म्हटलं, तुझं खातं काढून देते, तुझ्या नावावर राहतील. तिने हात झटकला. "आता भावाले माहीत, वयनीले माहीत, नातवाले माहीत. माहीत झाले का ते घरचे झाले."

माझी मुलगी पुण्यात अर्थशास्त्र शिकवते. तिला हे आजीचं वाक्य सांगितलं तर ती फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, केनियात एका संशोधक बाईंनी नेमकं हेच पाहिलंय. सिमोन शॅनर त्यांचं नाव. नवरा-बायकोंची बँकेत खाती उघडून दिली आणि काहींना एटीएम कार्ड दिलं. कार्डाने पैसे काढायला खर्चही कमी लागायचा. पुरुषांची आणि जोडखाती जास्त वापरली जाऊ लागली. एकट्या बायकांची वाढली नाहीत, उलट मंदावल्यासारखी दिसली. कारण कार्ड कुणीही उचलून नेऊ शकतो. काउंटरवर मात्र तिलाच यावं लागतं, ओळख दाखवून.

मी ऐकत होते आणि मला २००५ च्या आसपासचं आमचं टार्गेट आठवत होतं. महिन्याला इतकी कार्डं खपवायची. "ताई, कशाला रांगेत उभ्या राहता, कार्ड घ्या" असं मी शंभरेक बायकांना तरी म्हटलं असेन. ती रांग, तो टोकनचा बिल्ला, ती स्लिप, ती खिडकीतली नकट्या नाकाची कॅशियर यांचा सगळ्यांना वैताग होता. त्यातल्या कितीतरी जणींसाठी तो आडोसा असेल, हे आमच्या रिजनल ऑफिसच्या परिपत्रकात नव्हतं. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ते नवऱ्याच्या शर्टच्या खिशात ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

मुलीने दुसरंही सांगितलं, ते आपल्या शेजारचं. मध्य प्रदेशात, उत्तरेकडच्या भागात. रोजगार हमीची मजुरी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खात्यात जायची. काही गावांत बायकांना स्वतःची खाती काढून दिली. नुसतं खातं काढून फारसं काही हललं नाही. जिथे मजुरी थेट तिच्या खात्यात वळवली आणि खातं कसं वापरायचं ते बसवून शिकवलं, तिथल्या बायका जास्त कामावर जाऊ लागल्या. सरकारी कामावर आणि बाहेरच्याही. आधी पैसा हातात आला आणि मग पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. आपल्याकडे भाषणांत हा क्रम कायम उलटा सांगतात.

सकाळी फिरायला जाते तिथे निवृत्तांचा एक कट्टा आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली तेव्हापासून त्यांना दुसरा विषय नाही. पंधराशे रुपयांत बायका आळशी होणार, तिजोरी रिकामी होणार. तिजोरीचं मला कळतं थोडंफार, आणि ती काळजी खोटी नाही. पण आळशी? देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात असं निघालं, ते करणारे पुरुष ८८. त्या कट्ट्यावर बसून राहायला जी मिनिटं लागतात ती कुठून येतात, हे मी त्यांना विचारलेलं आहे. आता माझ्यासाठी बाकावर कुणी सरकत नाही.

या योजनेने एक झालं. खातं बाईच्याच नावाचं, तिच्याच आधारशी जोडलेलं लागतं म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणींनी पहिल्यांदा स्वतःच्या नावाने पासबुक हातात घेतलं. आणि पुढच्या वर्षी ई-केवायसी निघाली, तर तिच्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्यांच्या फोनवरचा ओटीपी. उत्पन्न तपासायचं म्हणून असेल. पण पुन्हा वळून पाहा मागे.

माझी आजी, आईची आई, विड्या वळायची. कामठी रस्त्याकडे राहायची. तेंदूची पानं भिजवून, कातरून, सुपात घेऊन दिवसभर. १९४२ च्या जुलैत बाबासाहेब नागपूरला आले, मोहन पार्कात दलित वर्गाची परिषद भरली, तेव्हा बायकांच्या परिषदेला ती गेली होती, आईला कडेवर घेऊन, चिखल तुडवत. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस-पंचवीस हजार बायका. बाबासाहेब त्यांना म्हणाले, पोरांच्या लग्नाची घाई करू नका, त्यांना पैशाने पेलेल तेव्हाच करा. आणि बायकोने नवऱ्याच्या बरोबरीने उभं राहावं, गुलाम होऊ नये. आजीला भाषण तितकंसं आठवत नव्हतं. ठराव आठवायचे. गिरणीतल्या, विडी कारखान्यातल्या, नगरपालिकेतल्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची रजा, काम करताना लागलं तर भरपाई आणि वीस वर्षं काम केलं तर पेन्शन. गिरण्यांत बायकांवर देखरेखीला पुरुष नको, बाई नेमा. "पेन्शन म्हने इडीवालीले!" असं म्हणून ती हसायची, आणि हसून झालं की बोटं मोजून किती वर्षं झाली ते सांगायची. तिची चाळीसच्या वर झाली होती.

मला पेन्शन मिळते. दर महिन्याला, माझ्या खात्यात. त्या खात्याला जोडलेला नंबर कुणाचा आहे ते मी निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी पाहिलं. सगळं ऑनलाइन "हेच बघतात" म्हणून भरताना त्याचाच टाकलेला होता. बदलून घेतला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम झाला का?" तिला वाटलं, घरी भांडण आहे. घरीही तेच वाटलं. दोन दिवस जेवताना जरा शांतता होती.

आमच्याकडे पोळ्या करायला एक जण येते. पस्तिशीची असेल, आमचं धरून पाच घरं. घरकाम करणाऱ्यांची संघटना या शहरात १९८० मध्येच उभी राहिली, संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुलकर्णींनी उभी केलेली. पण हिला विचारलं तर ती म्हणते, मीटिंगला जायचं तर एका घरच्या पोळ्या बुडतात. गेल्या पावसाळ्यात तिने कणीक मळता मळता विचारलं, "काकू, तुमी बँकेत होत्या न? मले ते मशीन शिकवान का?" खातं होतं, कार्डही होतं. कार्ड दिराकडे राहायचं, तो पैसे काढून आणून द्यायचा. पूर्ण द्यायचा का, ते तिला सांगता यायचं नाही. नंबर तिने आधीच बदलून घेतला होता. आधार केंद्रावर दोन चकरा मारून, दोन घरच्या खाड्याचे पैसे कापून घेऊन. कार्डही नवं काढलं होतं. "जुनं हरवलं म्हून सांगितलं," ती म्हणाली आणि पोळपाटाकडे बघून हसली.

मानेवाडा रोडवरच्या एटीएममध्ये गेलो. सकाळचे साडेआठ. भाषा मराठी कशी निवडायची, बचत कुठे, आकडा कुठे, चुकलं तर लाल बटण, हे मी तिला घरीच कागदावर मशीन काढून दोनदा शिकवलं होतं. कार्ड कुठल्या बाजूने, ते सांगितलं. पिन लग्नाची, जन्माची तारीख नको, हेही. ती सगळं ऐकून घेत होती, परीक्षेला बसल्यासारखी.

स्क्रीनवर पिन मागितला. तिने बोट उचललं आणि तसंच धरलं. मला वाटलं, विसरली. सांगायला मी पुढे झाले.

"काकू," ती म्हणाली, "तुमी तिकडे पाहा बरं."

मी दाराकडे तोंड केलं. काचेतून समोर पोह्यांची गाडी दिसत होती. गाडीवाला पोह्यांवर तर्री ओतत होता, एक कॉलेजचा पोरगा अजून घाला म्हणत होता. माझ्या पाठीमागे चार वेळा टुंग वाजलं, मग मशीन नोटा मोजायला लागलं. त्या आवाजावरून किती नोटा निघताहेत याचा अंदाज मला येतो, हाताला पडलेली सवय कानालाही पडते. मी पोहेवाल्याकडे बघत राहिले.